तीनशे टॅलेंट केस

मागच्या महिन्यात मी केस कापले. कमरेपर्यंतचा शेपटा दोन मिनिटांत खांद्यावर आला. पार्लरवाल्या ताईंनी कापलेला शेपटा रबर लावून, कागदात गुंडाळून हातात दिला. घरी आल्यावर काय सुचलं कोण जाणे, मी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. १४० ग्रॅम. एक मध्यम बटाटा.

हे वजन करण्यामागे एक कारण होतं. त्या दिवसांत मी प्राचीन ग्रीक आणि रोमन वेढ्यांबद्दल वाचत होते. हे खूळ जुनंच. शाळेत असताना मावसभावाच्या कॉम्प्युटरवर 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचे तेव्हापासूनचं. त्या गेममध्ये दगड फेकणारं यंत्र बनवायला लाकूड आणि सोनं लागायचं. तेवढं जमलं की क्लिक करायचं, यंत्र डुलत डुलत शत्रूच्या भिंतीकडे निघायचं. केस कधी कुणी मागितले नाहीत. आणि इथे पुस्तकामागून पुस्तक मला सांगत होतं, की त्या यंत्रांचा जीव लाकडात नव्हता, लोखंडातही नव्हता. तो जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंत आणि केसांत होता. त्यातही बायकांच्या केसांत.

आधी यंत्र समजून घेऊ. सिनेमातलं विसरा. चमच्यासारखा एकच दांडा, त्यात दगड, दांडा खाडकन वर येतो, ते यंत्र बरंच उशिराचं. रोमन सैनिक त्याला ओनेजर, म्हणजे रानगाढव, म्हणायचे आणि त्याचं सविस्तर वर्णन मिळतं ते थेट इसवी सनाच्या चौथ्या शतकात. त्याआधीची सहा-सातशे वर्षं ज्या यंत्रांनी गाजवली, ती दिसायला एखाद्या राक्षसी धनुष्यासारखी होती. मराठीत कॅटापल्टला कुणी गोफण म्हणतं, कुणी गलोल. दोन्ही पटत नाहीत. गोफणीत हाताचा झोका असतो, गलोलीत रबराचा ताण. इथे काम करतो तो पीळ.

रिकाम्या रिळाची गाडी केली आहे कधी? रिळातून रबरबँड ओवायचं, एका टोकाला काडेपेटीची काडी अडकवायची, दुसऱ्या टोकाला मेणबत्तीचा तुकडा आणि पेन्सिल. पेन्सिल गरागरा फिरवून रबराला पीळ भरायचा आणि गाडी जमिनीवर सोडायची. पीळ उलगडतो, गाडी चालते. ग्रीकांचं यंत्र याच तत्त्वावर. एक भक्कम चौकट घ्यायची. तिच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वर-खाली मोठी भोकं पाडायची. त्या भोकांतून दोर वरून खाली, खालून वर असा ओवत राहायचं, भोक ठासून भरेपर्यंत. अशा दोन्ही बाजूंच्या दोरांच्या जुड्यांमध्ये एकेक लाकडी हात खुपसायचा. मग वरच्या-खालच्या काशाच्या कड्या फिरवून जुडीला पीळ द्यायचा. दोन्ही हातांच्या टोकांना प्रत्यंचा बांधायची, ती रहाटाने मागे ओढायची, बाण किंवा दगड ठेवायचा आणि खटका सोडायचा.

सुरुवात मात्र पिळाने झाली नाही. इ.स.पू. ३९९ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजचा हुकूमशहा पहिला डायोनिसियस कार्थेजशी युद्धाच्या तयारीला लागला. त्याने इटलीतून, ग्रीसमधून, खुद्द कार्थेजच्या ताब्यातल्या मुलखातून कारागीर जमवले, भरपूर पगार दिले, बक्षिसं लावली. डायोडोरस हा इतिहासकार म्हणतो, कॅटापल्टचा शोध तिथे लागला. ती पहिली यंत्रं म्हणजे मोठी, यांत्रिक खटक्याची धनुष्यंच होती. दोनच वर्षांनी मोत्या बेटाच्या वेढ्यात किनाऱ्यावरून त्यांचा मारा झाला तेव्हा कार्थेजची जहाजं मागे फिरली. त्यातला एक बाण पुढे ग्रीसमध्ये पोचला. तो बघून स्पार्टाचा राजा आर्किडेमस हळहळला, की आता माणसाच्या शौर्याला काही किंमत उरली नाही, असं प्लुटार्क सांगतो. स्पार्टाच्या राजाला ही काळजी वाटणं साहजिक होतं. त्यांचा सगळा धंदाच शौर्याचा.

पिळाची युक्ती आली इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला, बहुधा मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या कारागिरांच्या हातून. इ.स.पू. ३३२ मध्ये त्याच्या मुलाने, अलेक्झांडरने, टायरच्या तटांवर मोठे दगड फेकले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ही यंत्रं एवढी वाढली, की अलेक्झांड्रियात टॉलेमी राजांच्या पैशावर प्रयोग करून त्यांचं सूत्रच काढलं गेलं. बायझँटियमच्या फिलोने ते लिहून ठेवलंय. दगडाचं वजन मिना या मापात घ्या. त्याला शंभराने गुणा. घनमूळ काढा. त्यात त्याचाच दहावा हिस्सा मिळवा. आलेलं उत्तर म्हणजे भोकाचा व्यास, बोटांत. १० मिनांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोंचा दगड फेकायचा असेल तर ११ बोटं. त्याच्या आठपट जड, ८० मिनांचा दगड असेल तर भोक फक्त दुप्पट, २२ बोटं. बाकी चौकटीची उंची, हातांची लांबी, लाकडाची जाडी, सगळं त्या भोकाच्या पटीत. म्हणजे संपूर्ण यंत्राचं माप एका पोकळीवरून ठरायचं आणि ती पोकळी दोरांनी भरायची. घन दुप्पट करण्याच्या प्रसिद्ध भूमितीच्या कोड्याबद्दल एराटोस्थेनिसच्या नावावर एक पत्र आहे. त्यातही तो राजाला सांगतो, की दगड फेकणारी यंत्रं वाढवायला हे गणित उपयोगी पडेल. शाळेत घनमूळ शिकताना हे कुणी सांगितलं असतं, तर मी तास चुकवले नसते.

आता दोर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हेरॉन दोराच्या मालाबद्दल एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकासारखं लिहितो. स्नायूंचे तंतू घ्यायचे ते पाठीचे आणि खांद्याचे. डुक्कर सोडून कुठलंही जनावर चालेल. आणि बायकांचे केसही उत्तम, कारण ते बारीक असतात, लांब असतात आणि त्यांना भरपूर तेल मुरलेलं असतं. हे वाचून मला आजी आठवली. रविवारी दुपारी तिच्यापुढे बसायचं आणि ती वाटीभर खोबरेल डोक्यावर थापायची, एकीकडे बजावत की तेलाशिवाय केसांना बळ येत नाही. हेरॉनचंही मत तेच. विट्रुव्हियस हा रोमन वास्तुकारही दगडफेकी यंत्रांच्या दोरांसाठी बायकांच्या केसांचंच नाव आधी घेतो.

म्हणजे केस हा युद्धसाहित्याचा माल होता. इ.स.पू. २२० च्या सुमाराला काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे शहरावर मिथ्रिडेटीस राजा चालून येणार अशी हवा होती. सिनोपेने ऱ्होडसकडे मदत मागितली. ऱ्होडसला वेढ्यांचा दांडगा अनुभव. इ.स.पू. ३०५-३०४ मध्ये डेमेट्रियसने नऊ मजली, लोखंडी पत्रे ठोकलेला, चाकांवरचा बुरूज आणून त्यांच्यावर मारा केला होता. ते टिकले, त्याने मागे टाकलेली सामग्री विकली आणि त्या पैशातून तो जगप्रसिद्ध सूर्यदेवाचा पुतळा उभारला. तर या ऱ्होडसवाल्यांनी सिनोपेला काय पाठवलं, याची यादी पॉलिबियसने दिली आहे. दारूचे १०,००० रांजण, १,००० चिलखतं, ३,००० सोन्याची नाणी, चार दगडफेकी यंत्रं चालवणाऱ्या माणसांसकट, १०० टॅलेंट स्नायूंचे तंतू. आणि ३०० टॅलेंट तयार केलेले केस.

टॅलेंट म्हणजे वजन, साधारण २६ किलो. तीनशे टॅलेंट म्हणजे जवळपास ७,८०० किलो. माझा वजनकाटा इथे कामाला आला. १४० ग्रॅमने भागलं तर सुमारे ५५ हजार शेपटे. सगळे बायकांचे नसणार, घोड्यांचे केसही वापरत. अर्धे धरा, पाव धरा. तरी हजारो डोकी होतात. शिवाय ही एकच पाठवणी. त्याच काळात ऱ्होडसमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा राजा सेल्यूकसने मदत म्हणून जहाजं, धान्य आणि लाकडाबरोबर १,००० टॅलेंट केस दिले, हेही पॉलिबियसच नोंदवतो. राळ आणि केस एकाच दमात. एखाद्या गोदामाचा हिशेब वाचावा तसं.

हे केस कुणाच्या डोक्यावरचे, हे मात्र पॉलिबियस सांगत नाही. त्याला तो प्रश्नच पडलेला नाही.

केसांची गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती कार्थेजची असते. इ.स.पू. १४९. रोमने कार्थेजला सांगितलं, शस्त्रं द्या म्हणजे शांतता मिळेल. कार्थेजने दोन लाख माणसांपुरती चिलखतं-हत्यारं आणि २,००० कॅटापल्ट गाड्यांत भरून पाठवले. ते हातात पडल्यावर रोमच्या कॉन्सलनी पुढची अट सांगितली. शहर सोडा. समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर, आत कुठेही जाऊन राहा, हे शहर आम्ही पाडणार. व्यापारावर जगणाऱ्या बंदराला समुद्र सोडायला सांगणं म्हणजे मरायला सांगणंच. कार्थेजने दरवाजे लावून घेतले. गुलामांना मुक्त केलं. देवळांचे कारखाने झाले. बायका-पुरुष पाळ्या लावून रात्रंदिवस काम करू लागले. अ‍ॅपियन आकडे देतो. रोज १०० ढाली, ३०० तलवारी, कॅटापल्टचे १,००० बाण. शिवाय जमतील तेवढे नवे कॅटापल्ट. आणि दोरासाठी दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून बायकांनी केस कापून दिले.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तीन वर्षं ते शहर लढलं. इ.स.पू. १४६ मध्ये सिपिओ एमिलियानसने ते घेतलं, शेवटी बालेकिल्ल्यातून पन्नास हजार माणसं बाहेर आली आणि गुलामीत गेली. केसांच्या जोरावर तीन वर्षं, असं मी तेव्हा मित्रमैत्रिणींना ऐकवायचे. मग सवयीप्रमाणे खोदायला लागले आणि गोष्टीचा पीळ सुटायला लागला.

पहिला संशय आला तो अशा गोष्टी फारच ठिकाणी भेटल्यामुळे. व्हेजेशियस हा उत्तरकालीन रोमन लेखक सांगतो, की रोमच्या कॅपिटोल टेकडीला वेढा पडला तेव्हा यंत्रांचे दोर निकामी झाले आणि कुलीन स्त्रियांनी केस कापून नवऱ्यांना दिले. वर तो त्यांचं कौतुक करतो, की केसांसकट गुलामीत जगण्यापेक्षा केसांविना स्वातंत्र्यात जगणं त्यांना बरं वाटलं. आता हा वेढा गॉल टोळ्यांचा, इ.स.पू. ३९० च्या आसपासचा. तेव्हा पिळाचं यंत्र जगात कुठेच नव्हतं! सिराक्यूजच्या पहिल्या धनुष्यांनाही जेमतेम दहा वर्षं झाली होती. म्हणजे गोष्ट मागाहून रचलेली. मग इ.स. २३८ मधला अक्विलिया शहराचा वेढा. तिथेही बायकांचे केस, या वेळी धनुष्यांच्या दोऱ्यांसाठी. ही हकीकत ज्या ग्रंथात आहे, त्याच्यावर इतिहासकार फारसा विश्वास ठेवत नाहीत. तोच ग्रंथ सांगतो, की पूर्वी रोममध्ये असंच घडलं होतं आणि त्या स्त्रियांच्या सन्मानार्थ 'टक्कल असलेल्या व्हीनस'चं देऊळ बांधलं गेलं. वेढा दाखवायचा, तर केस कापणाऱ्या बायका हव्यातच, असं ठरून गेलं असावं. आपल्या सिनेमात सैनिक निघाला की ओवाळणारी आई येते तसं.

मग कार्थेजचीही थापच? इथे मी बरेच दिवस अडले. हेरॉन आणि विट्रुव्हियस हे कौतुक करणारे लेखक नव्हेत, ते कृती लिहिणारे. ऱ्होडसची यादी ही यादीच आहे. केस वापरले जात, याबद्दल शंका नाही. आणि कार्थेजची सगळी जुनी यंत्रं, दोरांसकट, रोमनांच्या छावणीत जाऊन पडली होती, तेव्हा गरजही खरी.

उत्तर नाही म्हणता येणार, पण एक धागा मिळाला स्ट्रॅबोमध्ये. स्ट्रॅबो हा भूगोलकार, अ‍ॅपियनच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीचा. उत्तर आफ्रिकेचं वर्णन करताना तो कार्थेजच्या शेवटच्या लढ्याबद्दल तोच हिशेब देतो, रोजच्या ढाली, तलवारी, भाले, बाण. आणि पुढे म्हणतो, कॅटापल्टसाठी केस दासींनी पुरवले.

दासींनी. फ्लोरस नावाच्या रोमन लेखकाकडे, दुसऱ्या शतकात, त्याच बायका कुलीन गृहिणी होतात. अ‍ॅपियनकडे नुसत्या 'बायका'. आणि सगळ्यांत आधी लिहिणाऱ्याकडे त्या घरकाम करणाऱ्या दासी आहेत. माझं मत स्ट्रॅबोच्या बाजूने आहे. मालकिणीची दासी करणं हे गोष्टीला खाली आणणं आहे. दासीची मालकीण करणं सोपं, त्याने गोष्ट खुलते. सांगणारे सहसा दुसरंच करतात.

आता 'पुरवले' या क्रियापदाशी मी बराच वेळ बसले. कार्थेजने गुलामांना मुक्त केलं हे खरं. मुक्त झाल्यावर त्या दासींनी आपणहून कात्री मागितली असेल? शहर पडलं तर मालकिणीचं जे व्हायचं तेच त्यांचंही होणार होतं, तेव्हा तसंही असू शकतं. की मालकीण म्हणाली असेल, बस गं इथे, आणि शेपटा हातात धरला असेल? आपल्याकडे विधवांच्या केशवपनालाही पुष्कळ वर्षं 'तिची इच्छा' म्हणायची पद्धत होती. बाईने केस दिले असं पुरुषाने लिहिलेलं दिसलं, की मी थांबते.

दुसरी बाजूही आहे, दगड पडायचा तिकडची. इ.स. ६७ मध्ये गॅलिलीतल्या जोतापाता गावाला व्हेस्पेशियनने वेढा दिला तेव्हा १६० यंत्रं लावली होती. ही माहिती देणारा जोसेफस आतच होता, गावाच्या बचावाचा प्रमुख म्हणून. नंतर तो रोमनांना जाऊन मिळाला आणि त्यांच्या पैशावर इतिहास लिहिला, म्हणून त्याला नावं ठेवणारे पुष्कळ. यंत्रांची ताकद तो फुगवतो हेही उघड आहे. पण आवाज फुगवायचं त्याला कारण नव्हतं. घोंगावत येणारे दगड, तटावर एकामागून एक पडणाऱ्या प्रेतांचे धप्प आवाज, आत बायकांचा आक्रोश. पहाटे घराबाहेर पडलेल्या एका गरोदर बाईच्या पोटावर दगड बसला आणि मूल कितीतरी लांब फेकलं गेलं, असं तो लिहितो. तीन वर्षांनी जेरुसलेमला, टॅलेंटभर वजनाचे दगड दोन स्टेडियांहून, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे मीटरवरून यायचे. दगड पांढरा असल्याने येताना दिसायचा. बुरुजावरचे पहारेकरी ओरडायचे, "मुलगा येतोय!" आणि माणसं आडवी व्हायची. हिब्रूत दगड म्हणजे एवेन आणि मुलगा म्हणजे बेन, तेव्हा घाईत एकाचं दुसरं झालं असावं, असा अभ्यासकांचा तर्क. रोमनांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी दगड काळे रंगवायला सुरुवात केली. मग दिसेनात.

गोलान टेकड्यांवरच्या गामलाच्या उत्खननात बेसॉल्टचे सुमारे दोन हजार गोळे सापडले आहेत. कार्थेजच्या मातीतूनही दगडी गोळे हजारोंनी निघाले. १९१२ मध्ये स्पेनमधल्या अम्पुरियास इथे एका कॅटापल्टच्या चौकटीचं लोखंड आणि काशाच्या कड्या मिळाल्या. त्या काळात एर्विन श्राम नावाचा जर्मन लष्करी अधिकारी जुन्या ग्रंथांवरून अशी यंत्रं पुन्हा बनवत होता. अम्पुरियासच्या कड्यांवरून भोकाचा व्यास मोजता येतो, व्यासावरून बाणाची लांबी. फिलोचं सूत्र दोन हजार वर्षांनीही चालतं. दगड टिकले, कासं टिकलं, लोखंड गंजून का होईना टिकलं. ज्याच्यासाठी ते भोक पाडलं होतं, ते तेवढं कुजून गेलं.

दोर म्हणजे यंत्राचं मर्म, हे सैनिकांना पक्कं ठाऊक होतं. इ.स. ६९ च्या ऑक्टोबरात इटलीत क्रेमोनाजवळ रोमन सैन्यंच एकमेकांना भिडली. रात्रभर लढाई चालली. व्हिटेलियसच्या बाजूने रस्त्याच्या उंचवट्यावर यंत्रं आणली होती आणि त्यातली एक प्रचंड बॅलिस्टा व्हेस्पेशियनच्या फळीची दाणादाण उडवत होती. टॅसिटस सांगतो, तेव्हा दोन सैनिकांनी मेलेल्यांमधून शत्रूच्या ढाली उचलल्या, ओळखू न येता थेट त्या यंत्रापर्यंत गेले आणि दोर कापले. दोघांनाही तिथेच भोसकलं गेलं. त्यामुळे नावं राहिली नाहीत, पण त्यांनी ते केलं यात शंका नाही, एवढं तो आवर्जून लिहितो.

त्याच क्रेमोनात १८८७ मध्ये एका रोमन यंत्राच्या दर्शनी भागावरची काशाची पाटी सापडली. ती त्या बॅलिस्टाची नव्हे, चौथ्या मॅसेडोनिका लीजनच्या दुसऱ्या एका यंत्राची. तिच्यावर लीजनचं नाव आहे, इ.स. ४५ च्या कॉन्सलांची नावं आहेत, सेनापतीचं नाव आहे. अक्षरं अजून वाचता येतात.

माझा शेपटा कपाटात आहे, कागदात गुंडाळलेला.